नागपूरचे तलाव : पाणी कधी तपासायचं आणि काठ कोणी राखायचा?

काठावरची | मंगळवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. इथे नागपूरकर बरेच आहेत, म्हणून धागा इथेच काढते आहे. मी विद्यापीठात पर्यावरणशास्त्रात पीएचडी करते. शहरातल्या लहान तलावांचं पाणी आणि त्यांच्या काठावरच्या वनस्पती हा माझा विषय. तिसरं वर्ष सुरू आहे. ज्या तलावाबद्दल लिहिते आहे त्याचं नाव घेत नाही, कारण वाद त्या एका तलावाचा नाही.

गेल्या मे महिन्यातली गोष्ट. आमचे नमुने कायम सकाळी अकरा-बाराला घेतले जायचे. गाडी तेव्हाच मिळते, प्रयोगशाळाही तेव्हाच उघडते. एक दिवस ऊन टाळायचं म्हणून मी आणि मैत्रीण पहाटे साडेपाचलाच तलावावर पोचलो. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन मोजायची विंकलरची जुनी पद्धत आहे. ३०० मिलीच्या काचेच्या बाटलीत एकही बुडबुडा न येऊ देता पाणी भरायचं, मँगनीज सल्फेट आणि अल्कली आयोडाइड घालायचं, बूच लावून बाटली उलटसुलट करायची. पाण्यात ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, जितका जास्त तितका गडद. नसेल तर साका पांढराच राहतो.

त्या पहाटेची बाटली पांढरी होती. मला वाटलं, माझंच काही चुकलं. दुसरी भरली, तीही पांढरी. तिसरी मैत्रिणीने भरली, तीसुद्धा. दुपारी दोनला त्याच पायरीवरून पाणी घेतलं, तर साका गडद तपकिरी.

पुस्तकात हे सगळं वाचलेलं होतं. सांडपाण्यावर पोसलेलं हिरवं शेवाळ दिवसा उन्हात भरपूर ऑक्सिजन सोडतं आणि रात्री तेच शेवाळ, तळातला गाळ आणि जिवाणू मिळून तो संपवतात. सूर्य उगवायच्या आधी पाणी सगळ्यात जास्त गुदमरलेलं असतं. परीक्षेत मी हे लिहून गुण मिळवलेत. तरी तीन वर्षांच्या माझ्या तक्त्यात तो तलाव ठणठणीत दिसतो, कारण एकही नमुना पहाटेचा नाही.

दुसरी गोष्ट काठाची. याच तलावाच्या पश्चिमेला उतरता, दलदलीचा काठ होता. पाणकणीस, लव्हाळा, देवधान, नाळीची भाजी, पुढे पाण्यात कुमुदाची पानं. पावसाळ्याआधी तिथे यंत्र आलं आणि पंधरा दिवसांत सगळं खरवडून उभी दगडी भिंत बांधली, वर फरशी, बाकं, दिवे. लोकांना ते आवडलंही, संध्याकाळी गर्दी असते. माझ्या नोंदवहीत मात्र त्या काठावर वनस्पती मोजायला आखलेल्या २६ चौकटींच्या पुढे आता रेघ आहे.

मला दोन गोष्टी हव्यात. ज्यांनी आपले तलाव आधी पाहिलेत त्यांनी काठ कसा होता ते आठवेल तेवढं लिहा, जुने फोटो असतील तर सांगा. आणि पाण्याची कामं करणाऱ्यांनी सांगा, माझं काही चुकतंय का. प्रबंध लिहून होईल, पण तो कपाटात जायच्या आधी तलावाच्या काही उपयोगी पडावा असं मनापासून वाटतं.

जुना_धरमपेठकर | मंगळवार, रात्री १०:०२

बेटा, वाचून बरं वाटलं. मी पंचाहत्तरीचा आहे. आमचं लहानपण फुटाळा आणि अंबाझरीच्या मधल्या भागात गेलं. फुटाळ्याला तेव्हा आम्ही तेलंगखेडीचा तलावच म्हणत होतो.

काठ विचारलास म्हणून सांगतो. पाणी कुठे सुरू होते ते कळतच नव्हतं. आधी ओलं गवत, मग चिखल, मग घोट्याएवढं पाणी, मग गुडघ्याएवढं. आई ओरडायची म्हणून आम्ही त्याच्या पुढे जात नव्हतो. त्या घोट्याएवढ्या पाण्यात बेडकांची पिल्लं, गोगलगाई, बोटभर मासे, सगळी शाळा तिथेच भरलेली. दिवाळीच्या सुमारास शिंगाडेवाले टोपल्या घेऊन दारावर येत. कमळाचे ढेस बाजारात मिळत, आई त्याची भाजी करायची. ते सारं याच तलावांमधून यायचं, दूरून कुठून नाही.

आता नातवाला घेऊन जातो तर कठड्याला टेकून पाणी पाहावं लागते. हात लागत नाही पाण्याला. फोटो आहे एक, काळा-पांढरा, बहिणीच्या लग्नानंतरचा. पाहुणे मंडळी काठावर उभी आहेत, मागे पाणकणसाची दाटी दिसते. शोधून ठेवतो.

पाणीपातळी | मंगळवार, रात्री ११:२०

मी स्थापत्य अभियंता, लहान धरणं आणि तलावांच्या कामात पंचवीस वर्षं गेली. ताई, तुमचा पहाटेचा मुद्दा शंभर टक्के बरोबर. काठाबद्दल मात्र थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका.

नागपूरचे बहुतेक तलाव मातीची पाळ घालून अडवलेले आहेत. मातीच्या पाळीवर झाडं-झुडपं वाढू देणं धोक्याचं असतं. मुळं आत शिरतात, झाड वाळलं की मूळ कुजतं आणि तिथून पाण्याला वाट मिळते. आधी झिरपा, मग भगदाड. म्हणून पाळीच्या पाण्याकडच्या अंगाला दगडी अस्तर असतं, लाटांनी माती धुऊन जाऊ नये म्हणून. २३ सप्टेंबर २०२३ ची पहाट आठवा. काही तासांत धो धो पाऊस, अंबाझरी सांडव्यावरून उसळला, अंबाझरी लेआउट, डागा लेआउट पाण्यात गेले, माणसं गेली. त्यानंतर कोणी म्हटलं की पाळीवर गवत-झुडूप वाढू द्या, तर मी सही करणार नाही.

काठावरची | बुधवार, सकाळी ७:४०

काका, फोटोची वाट पाहते. घोट्याएवढ्या पाण्याचं जे वर्णन तुम्ही केलंत, तोच माझ्या प्रबंधाचा दुसरा अध्याय आहे, आणि तुम्ही तो माझ्यापेक्षा चांगला सांगितला.

पाणीपातळी सर, राग कसला, हेच हवं होतं. पाळीबद्दल माझा काही आग्रह नाही. पाळ स्वच्छ आणि मजबूतच हवी. पण तलावाला चारही बाजूंनी पाळ नसते. एका बाजूला पाळ, आणि जिकडून पाणी येतं तिकडे जमीन हळूहळू वर चढत जाते. माझ्या २६ चौकटी त्या उथळ बाजूला होत्या. तिथे भिंतीनं कोणता पूर अडणार आहे? उलट भिंत पुढे सरकवल्यामुळे तलावाचं पसरायचं अंग गेलं. पावसाळ्यात जे पाणी त्या दलदलीत पसरून थांबायचं, त्याला आता जागाच नाही.

पाणीपातळी | बुधवार, सकाळी ९:०५

उथळ बाजूला भिंत बांधली असेल तर मी तुमच्याशी सहमत आहे. ते जलशास्त्राच्या हिशेबानंही चूकच. तलावाची साठवण काढताना पातळी एका हातानं वाढली की क्षेत्र किती वाढतं हे बघतात, आणि ते क्षेत्र वाढतं ते याच बाजूला. ती बाजू भिंतीनं तोडली की तेवढंच पाणी कमी जागेत उभं राहतं, म्हणजे पातळी लवकर चढते आणि सांडवा लवकर वाहू लागतो.

निविदेत सहसा "तलावाची परिमिती अमुक मीटर, संरक्षक भिंत तेवढीच" असं एका ओळीत येतं. पाळ कुठली, उथळ काठ कुठला, हा भेद कागदावर होतच नाही. माझ्याही हातून अशा ओळी गेल्या आहेत. तेव्हा हे सुचलं नाही याचं वाईट वाटतं.

सुवर्णा_महाल | बुधवार, दुपारी १:३०

आम्ही नागपूरच्या महाल भागात राहतो, तलाव जवळच. मला विज्ञान फारसं कळत नाही, पण दोन प्रश्न आहेत. पहिल्या पावसानंतर मासे मरून वर येतात ते का? लोक म्हणतात, कोणी विष टाकलं. आणि मुलं गळ टाकून मासे आणतात, ते खायचे की नाही? माझा मुलगा बारा वर्षांचा आहे, ऐकत नाही.

रसायनवाला | बुधवार, दुपारी ३:४५

सुवर्णाताई, दोन्हीचं उत्तर देतो. पाणी तपासण्याच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं काम केलं आहे.

पहिल्या पावसात उन्हाळाभर नाल्यांत, गटारांत साचलेली घाण एकदम वाहून तलावात येते. ती कुजवायला जिवाणूंना ऑक्सिजन लागतो. शिवाय जोराच्या पावसानं आणि वाऱ्यानं तळाचं सडकं पाणी वर ढवळलं जातं. वर आभाळ भरलेलं, ऊन नाही, म्हणजे शेवाळही ऑक्सिजन देत नाही. पाणी गरम असेल तर त्यात ऑक्सिजन मावतोही कमी. २० अंशांना साधारण ९ मिलीग्रॅम प्रति लिटर, ३० अंशांना साडेसात. सगळं एका रात्रीत जुळून येतं आणि पहाटे मासे वर. मेलेल्यांत रोहू, कटला जास्त असतात हे बघा. मागूर, शिंगी, मरळ हे मासे वर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात, ते बहुधा तगतात. विष असतं तर असा भेद झाला नसता.

यात अमोनियाही भर घालतो. सांडपाण्यातला अमोनिया एरवी फार जहाल नसतो, पण दुपारी शेवाळ जोरात असलं की पाणी अल्कधर्मी होतं, सामू नऊच्या वर जातो, आणि मग तोच अमोनिया मुक्त रूपात येऊन माशांच्या कल्ल्यांना जाळतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 'ड' वर्गात, म्हणजे मासे आणि वन्यजीवांसाठीच्या पाण्यात, ऑक्सिजन किमान ४ आणि मुक्त अमोनिया फार तर १.२ मिलीग्रॅम प्रति लिटर सांगितला आहे. आंघोळीच्या 'ब' वर्गाला ऑक्सिजन किमान ५, बीओडी (म्हणजे पाण्यातली घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन) ३ च्या आत. पहाटे आणि दुपारी दोन्ही वेळा न मोजता यातला कोणताही वर्ग लावणं म्हणजे अर्धीच तपासणी.

खाण्याबद्दल : ज्या तलावात सांडपाणी येतं तिथले मासे घरी आणू नका. मेलेले, तरंगणारे तर अजिबात नको. पाण्यावर हिरव्या रंगासारखा साय धरलेला थर दिसला तर मुलाला पाण्यात हातही घालू देऊ नका. ते नीलहरित शैवाल असू शकतं, त्यातल्या काही जाती यकृताला बाधणारं विष करतात आणि ते उकळल्यानं जात नाही.

सुवर्णा_महाल | बुधवार, संध्याकाळी ६:१०

धन्यवाद दादा. त्याला हे वाचून दाखवलं. यकृताचं ऐकून गळ माळ्यावर ठेवला.

रसायनवाला | बुधवार, रात्री ८:३०

धागा काढणाऱ्या ताईंसाठी आणखी. तुमच्या शोधप्रबंधात गाळाचा फॉस्फरस मोजलाय का? नसेल तर अजूनही मोजा.

नत्राला तलावातून बाहेर पडायची वाट असते. दलदलीच्या चिखलात जिवाणू नायट्रेटचा नत्रवायू करतात आणि तो हवेत जातो. म्हणजे तुम्ही म्हणता तो काठ फुकटात शुद्धीकरण करत होता. फॉस्फरसला अशी वाट नाही. तो लोहाला चिकटून तळात बसतो, आणि तळातला ऑक्सिजन संपला की लोह त्याला सोडतं, तो परत पाण्यात. तुमची पांढरी बाटली म्हणजे तळाशी हे दार उघडं असल्याची खूण. म्हणून सांडपाणी बंद केलं तरी उथळ तलाव लगेच सुधारत नाहीत. युरोपातल्या तलावांत हा जुना फॉस्फरस निवायला दहा-पंधरा वर्षं लागल्याचा अनुभव आहे. आपल्याकडे दोन वर्षांत फरक दिसला नाही की लोक म्हणतात, पैसा पाण्यात गेला, आणि मग कारंजं बसवतात.

एक उदाहरण मला नेहमी धीर देतं. अमेरिकेत सिॲटल शहराला लागून लेक वॉशिंग्टन आहे. १९५५ मध्ये तिथल्या विद्यापीठाच्या मंडळींना त्यात एक विशिष्ट शैवाल सापडलं, सांडपाण्यामुळे तलाव बिघडू लागल्याचं लक्षण. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक एडमंडसन यांनी ते लोकांना समजेल अशा भाषेत मांडलं, पुढे काय होईल तेही सांगितलं. १९५८ मध्ये लोकांनी मतदान करून सांडपाण्यासाठी वेगळी यंत्रणा उभी करायला मान्यता दिली. १९६३ ते १९६८ या काळात तलावात पडणारं प्रक्रिया केलेलं सांडपाणीसुद्धा वळवलं. १९६३ च्या उन्हाळ्यात पांढरी तबकडी पाण्यात सोडली की मीटरभरातच दिसेनाशी व्हायची. सत्तरच्या दशकात पाणी नितळ झालं. तो तलाव खोल आहे, आपले उथळ, त्यामुळे वेळापत्रक तेच राहणार नाही. पण मला महत्त्वाचं वाटतं ते हे की विद्यापीठाकडे बिघडण्याआधीच्या, बिघडतानाच्या आणि सुधारतानाच्या, तिन्ही काळांच्या नोंदी होत्या. एका विद्यार्थ्याच्या तीन वर्षांत हे होत नाही. विभागानं पिढ्यान् पिढ्या वही पुढे न्यावी लागते.

काठावरची | बुधवार, रात्री ९:५०

गाळ मोजला आहे, पण एकदाच, डिसेंबरमध्ये. एप्रिल-मेमध्ये पुन्हा घेते.

वहीचं तुम्ही बोललात आणि काळजाला लागलं. माझ्या आधी याच तलावावर आमच्या विभागात काम झालेलं आहे. मी त्या ताईंच्या प्रबंधातले आकडे शोधले. सरासरी आणि आलेख आहेत, मूळ नोंदी कुठेच नाहीत. कोणत्या पायरीवरून, किती वाजता, किती खोलीवरून, काही कळत नाही. तुलना करता येत नाही. माझ्यानंतर येणाऱ्या मुलीचं असं होऊ नये म्हणून मी कच्ची वही, वेळ आणि जागेसकट, ग्रंथालयात ठेवणार आहे.

अडई | गुरुवार, सकाळी ६:५५

मी पक्षी बघतो, दर जानेवारीत पाणपक्षी गणनेला जातो. कधी सायकी, कधी पारडगाव, कधी शहरातलेच तलाव. काठाबद्दल माझी नोंद अशी की भिंत झाली की आधी जातात ते चालणारे पक्षी. तुतवार, पाणलावा, कमळपक्षी, जांभळी पाणकोंबडी. यांना चिखल आणि पानांची गादी लागते. पोहणारे आणि बुडी मारणारे काही वर्षं टिकतात, पाणकावळे तर वाढतातसुद्धा. त्यामुळे एकूण आकडा बघितला तर तलाव भरलेला वाटतो. जातींची यादी बघितली की कळतं काय गेलं.

आमच्या गटात एकजण निराश होऊन म्हणाला, आता कायदाही आपल्या बाजूनं नाही. ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं फुटाळा हा मानवनिर्मित असल्यानं २०१७ च्या पाणथळ नियमांतल्या व्याख्येत बसत नाही असं म्हटलं, हे खरं. त्या नियमांनी पिण्याच्या पाण्यासाठी, सिंचनासाठी, मत्स्यपालनासाठी, करमणुकीसाठी बांधलेले जलसाठे व्याख्येतून वगळलेच आहेत. पण त्याच निकालात न्यायालयानं हेही म्हटलं की सरकार विश्वस्त आहे हे तत्त्व मानवनिर्मित तलावांनाही लागू होतं. ते कोणी सांगत नाही. आणि पाणथळ जागांसाठीच्या आंतरराष्ट्रीय रामसर करारात तर पाणथळ जागा नैसर्गिक असो की कृत्रिम, दोन्ही धरतात. पाळ भोसल्यांनी घातली की देवानं, कमळपक्ष्याला त्याचं काय? त्याला पान हवं.

ढिवराचा_पोरगा | गुरुवार, रात्री १०:४०

मी भंडारा जिल्ह्यातला, पवनीकडचा. सध्या नोकरीसाठी नागपुरात, वाडीला राहतो. ढिवर समाजाचा आहो. मोठं लिहीन, सांभाळून घ्या.

पहिले एक सांगतो. तुमच्या नाग नदीचं पाणी पुढे पिवळी नदीला घेऊन कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेले, आणि वैनगंगा गोसीखुर्दच्या धरणात येते. आमचे लोक त्या पाण्यात जाळं टाकतात. नागपुरात तलाव सडला तर वास तुम्हाला येते, मासा आमचा मरते. म्हणून हा धागा मी दोन दिवसांपासून वाचून राहिलो.

आमच्याकडं मामा तलाव आहेत, माजी मालगुजारी, म्हणजे पूर्वी सारा गोळा करणाऱ्या मालगुजारांच्या ताब्यातले. हजारो आहेत भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत. गोंड राजांच्या काळात जो तलाव बांधेल त्याले जमीन मिळे, कोहळी लोकांनी पुष्कळ बांधले. म्हणजे सारेच माणसानं बांधलेले. तरी त्यात इतके मासे, इतकी कमळं, इतके पक्षी, की कोणाले वाटणार नाही हे बांधलेले आहेत. कारण बांधणाऱ्यांनी पाळ एकाच बाजूनं घातली, बाकीचा तलाव मोकळा ठेवला. पाणी कमी झालं की तळाच्या ओलीवर लोक पीक घेत. पाण्यात देवधान होई, म्हाताऱ्या बायका उपासाले तो तांदूळ झोडून आणत.

मालगुजारी १९५० च्या कायद्यानं गेली, तलाव सरकारचे झाले, गावाचा हात सुटला. मग आलं बेशरमाचं झुडूप. कोणी कुंपणाले लावलं, ते तलावात उतरलं. बेशरमात मासा अंडी घालत नाही, जाळं फाटते, खाली सावलीत काहीच उगवत नाही. त्यात मत्स्यबीज टाकताना गवत्या टाकला, तो होती नव्हती ती पाणवनस्पती खाऊन गेला. सायप्रिनस टाकला, तो तळाचा गाळ उकरते, पाणी कायम गढूळ. गढूळ पाण्यात ऊन खाली जात नाही, खाली चिला नावाची पाणवनस्पती उगवत नाही. सहकारी संस्थेचे लोक म्हणत, बीज वाढवा. बीज वाढवलं, मासा कमी झाला.

मग आमच्याकडल्या काही गावांत बायकांनी आणि संस्थांनी मिळून काम केलं. मी स्वतः माझ्या मामाच्या गावात ते पाहिलं. उन्हाळ्यात तलाव आटला की आधी बेशरम मुळासकट उपटायचं, कापून भागत नाही, तुकड्यातून फुटते. मग तळ नांगरायचा, जमीन कडक झालेली असते. पाऊस सुरू झाला, पाणी चढायला लागलं, की दुसऱ्या चांगल्या तलावातून वनस्पती आणून लावायच्या. पाण्याखालच्या वेगळ्या, तरंगत्या वेगळ्या, काठावरच्या वेगळ्या. कोणती कुठं लावायची हे म्हाताऱ्यांना माहीत, त्याइले कोणत्या माशाले कोणती वनस्पती लागते हेही माहीत. दुसऱ्या वर्षी देशी मासा दिसू लागला. बदकं आली. माझी मामी चिखलात उतरून रोप लावत होती, वावरात रोवणी करतात तशीच, रांगेनं.

आता प्रश्न. ताई, तुमच्या विद्यापीठातलं कोणी आमच्या मामीले कधी विचारलं का? विचारलं असतं तर त्या २६ चौकटींत काय लावायचं ते तिनं सांगितलं असतं. हे टोमणा म्हणून नाही लिहिलं. खरंच वाटते की तिच्याजवळ जे आहे ते लिहून ठेवलं पाहिजे, ती साठीच्या पुढं गेली.

काठावरची | गुरुवार, रात्री ११:३०

दादा, नाही विचारलं. माझ्या प्रबंधात वनस्पतींची लॅटिन नावं आहेत, मराठी नावंसुद्धा पुस्तकातून घेतलेली. तुमच्या मामींना भेटायला मला यायचं आहे. त्यांची हरकत नसेल तर त्यांचं म्हणणं त्यांच्याच नावानं, त्यांच्याच शब्दांत प्रबंधात घेईन.

आणि सर्वांना एक विचारते. भिंत पाडा असं कोणी ऐकणार नाही, तिच्यावर खर्च झाला आहे आणि लोक तिथे फिरतात. पण भिंतीच्या आत, पाण्याच्या अंगाला, मातीचा उतरता भराव टाकून काठ परत करता येईल का?

पाणीपातळी | शुक्रवार, सकाळी ८:२०

येईल. भिंतीच्या आतल्या बाजूला तळातलाच गाळ आणि मुरूम मिळून एकास आठ-दहा असा सौम्य उतार द्यायचा, पायथ्याला दगडांची बुटकी रांग, म्हणजे माती सरकणार नाही. गाळ बाहेर नेण्याचा खर्च वाचतो. साठवण थोडी कमी होते, ती मधला भाग तेवढाच खोल करून भरून काढायची. सांडव्याच्या आणि पाळीच्या जवळ मात्र काही करायचं नाही, ही अट माझी कायम.

पण त्याआधी नाला. तलावात सांडपाण्याचा जो नाला येत असेल तो तसाच राहिला तर तुमचा नवा काठ एका हंगामात जलपर्णीनं भरेल. नाल्याच्या तोंडाशी खडी आणि वनस्पतींचा पाट करता येतो, सांडपाणी खडीच्या खालून, मुळांमधून जातं. आपल्याच नीरीनं, म्हणजे नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेनं, यासाठी फायटोरीड नावाचं तंत्र विकसित केलं आहे, वीज जवळजवळ लागत नाही. जागा मात्र लागते, आणि वर्षातून दोनदा वनस्पती कापून बाहेर न्याव्या लागतात. कापणी न करता सोडून दिलं की त्या तिथेच कुजतात आणि शोषलेलं सगळं परत पाण्यात. असे प्रकल्प बंद पडतात ते तंत्रामुळे नाही, कापणीचं काम कोणाचं हे न ठरल्यामुळे.

उतार आणि पाटाचं रेखाटन मी काढून देतो. पैसे नकोत. मला तळाच्या पातळ्या लागतील, कोणी होडीनं मोजून दिल्या तर.

जुना_धरमपेठकर | शुक्रवार, दुपारी १२:१५

फोटो सापडला. मागे तारीख आहे, फेब्रुवारी १९६८. चष्मा लावून नीट पाहिलं, पाणकणसाच्या पुढे गोल पानं आहेत तरंगती. आणि आत्याच्या पायात चपला नाहीत, हातात आहेत. चिखल होता म्हणून. नातवाकडून स्कॅन करून घेतो आणि इथे टाकतो. कोणता काठ ते ओळखायला मागची टेकडी उपयोगी पडेल.

रसायनवाला | शुक्रवार, दुपारी २:४०

पहाटेच्या नमुन्यांसाठी माझ्याकडे बाटल्या आणि रसायनं आहेत. बीओडीसाठी आपल्याकडे २७ अंशांना तीन दिवस ठेवतात, तेवढी जागा मित्राच्या प्रयोगशाळेत मिळेल. एक काळजी : घाटाच्या पायरीवरून भरू नका, तिथे कायम हालचाल असते, आकडा चांगला येतो. होडीतून, तळाच्या हातभर वरचं पाणी घ्या. साका काठावरच बसू द्या, आम्लही तिथेच घाला, म्हणजे प्रवासात आकडा बदलणार नाही. पहाट, दुपार, सूर्यास्त आणि मध्यरात्र, एका दिवसात चार वेळा. महिन्यातून एकदा जमलं तरी पुष्कळ.

अडई | शुक्रवार, दुपारी ३:०५

मध्यरात्रीच्या फेरीला आमच्या गटातले दोघे येतील. बॅटऱ्या आहेत.

ढिवराचा_पोरगा | शुक्रवार, रात्री ९:३०

होडी मी पाहतो. इथल्या तलावावर मासेमारी करणाऱ्या संस्थेत आमचे नातलग आहेत, त्याइले विचारलं, रविवारी पहाटे चारला देतो म्हणाले. तळही बांबूनं मोजून देतील, त्याइले खड्डे पाठ आहेत.

मामीशी फोनवर बोललो. ती म्हणते, आत्ता काही आणू नका, मरून जाईल. मृगाचा पाऊस पडून पाणी चढायला लागलं की आधी चिला लावा, पाण्याखाली. तो धरला तर पाणी नितळ होईल, मग बाकीचं. कमळ पहिल्या वर्षी अजिबात लावू नका, ते सारं झाकून टाकते आणि खालचं मरते. देवधान काठाले, जिथं हिवाळ्यात पाणी आटते तिथं, बी शिंपून. बी तिच्याजवळ मडक्यात आहे. आणि ती विचारते की तुमच्या तलावात गवत्या आहे का. असेल तर पहिले तो काढा, नाहीतर ती येणार नाही.